खुराड्याच्या आपोआप दाराचं सर्किट नव्याने करतोय: काय काढावं, काय ठेवावं?

रानमळा (तासगाव तालुका)

नमस्कार मंडळी. द्राक्षबागेच्या कडेला आमचं खुराडं आहे. पन्नासेक कोंबड्या, निम्म्या गावरान, निम्म्या गिरिराज. दिवसभर मोकळ्या, रात्री आत. काही वर्षांपूर्वी दाराला मोटर लावून अर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर घरीच सर्किट केलं. मग त्यावर एकेक गोष्ट चढत गेली. आतला दिवा आला, टाकीतल्या पाण्याची पातळी आली, तापमान आलं, अमोनियाचा सेन्सर आला आणि शेवटी हे सगळं मोबाइलवर दिसावं म्हणून ईएसपी८२६६ हा वायफायचा बोर्ड बसला. सगळं एकाच डब्यात आणि डबा खुराड्याच्या आत आढ्याला. पुष्कळ चाललं. आता सगळं उतरवून नव्याने करणार आहे.

डबा उघडल्यावर काय दिसलं ते आधी सांगतो, कारण पुढचं त्यावरूनच ठरायचं आहे. विष्ठेतून अमोनिया निघतो, तो हवेपेक्षा हलका, म्हणून आढ्यापर्यंत चढतो. त्यात पावसाळ्याची ओल मिळाली की तांबं खायला सुरुवात होते. जंपर वायरींच्या पिना हिरव्या पडल्यात हे दिसतंच. पण वायर सोलली तर इन्सुलेशनच्या आत बोटभर लांबीपर्यंत तार काळी पडलेली. बाहेरून प्लास्टिक नवंकोरं, आणि चिमटीत धरून वाकवली की आतली तार मोडून पडते. दाराच्या मायक्रोस्विचमध्ये तुसाची धूळ घट्ट बसलेली. दाबलं की टिक वाजतं, मीटर मात्र काहीच दाखवत नाही. रिलेच्या खालच्या फटीत पालीने अंडी घातलेली.

माझं मत असं झालंय की दार वेगळं आणि बाकीचं सगळं वेगळं. तापमान एक दिवस मोबाइलवर दिसलं नाही तर काही बिघडत नाही. दार एक रात्र उघडं राहिलं तर सकाळी मुंगसाने मारलेल्या कोंबड्या उचलाव्या लागतात. या दोन गोष्टी एकाच चिपवर, एकाच पाच व्होल्टवर कशाला ठेवायच्या? दाराच्या सर्किटमध्ये किती कमी भाग ठेवता येतील, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.

झिरो पीसीबी (सांगली)

दादा, दार वेगळं करताय हे अगदी बरोबर. पण त्याच्याही पुढे जा. मोटर थांबवायचं काम प्रोग्रॅमकडे ठेवूच नका. प्रोग्रॅमने फक्त 'वर' किंवा 'खाली' एवढंच सांगायचं. थांबणं तारेनेच झालं पाहिजे.

पद्धत जुनी आहे आणि फाटकाच्या मोटरींमध्ये सर्रास वापरतात. वरचा लिमिट स्विच आणि खालचा लिमिट स्विच, दोन्ही मोटरीच्या तारेत सीरिजमध्ये टाकायचे, नॉर्मली क्लोज्ड (दाबला नसताना जोडलेल्या) बाजूने. प्रत्येक स्विचला समांतर एकेक डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा) लावायचा, एकमेकांच्या उलट दिशेने. दार वर पोचलं की वरचा स्विच उघडतो आणि मोटरीचा करंट तुटतो. दिशा उलटी केली की त्याच स्विचवरच्या डायोडमधून करंट जातो आणि दार खाली यायला मोकळं. चिप अडकली, रीसेट झाली, काहीही झालं तरी मोटर स्विचच्या पुढे जात नाही. डायोड १एन४००७ घेऊ नका, तो एक अँपिअरचा. १एन५४०८ घ्या, तीन अँपिअरचा. सांगलीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.

आणि एल२९८एन मोटर ड्रायव्हर असेल तर काढा. एक अँपिअरला तो साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातो, म्हणजे बारातले दहाच मोटरीला मिळतात आणि उरलेल्याची नुसती उष्णता. त्याऐवजी बारा व्होल्ट कॉइलचे दोन साधे रिले घ्या. मोटरीची दोन टोकं दोन रिलेंच्या कॉमनला. दोन्ही एनसी (रिले सुटा असताना कॉमनला जोडलेला पाय) निगेटिव्हला, दोन्ही एनओ (रिले ओढल्यावर जोडला जाणारा) पॉझिटिव्हला. एक रिले ओढला की मोटर एका दिशेने, दुसरा ओढला की उलट्या दिशेने. दोन्ही सुटे असले किंवा चुकून दोन्ही ओढले गेले, तरी मोटरीची दोन्ही टोकं एकाच ठिकाणी जोडलेली असतात. शॉर्ट होतच नाही, उलट मोटरीला ब्रेक लागतो. प्रत्येक रिलेला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला एक किलोओहम, कॉइलवर उलटा डायोड. बस.

वारणाकाठ (शिराळा)

रानमळा दादा, तुमचं दार वरनं खाली सरकणारं हाय ना? मग मुंगसाचं बघा. आमच्याकडं मुंगसानं खालनं तोंड घालून दार उचललंय. पत्र्याचं हलकं दार, चार बोटं उचललं की त्याला बास. मोटरीची दोरी तर सैलच असती त्या वक्ताला. आमच्या भागात बिबट्याबी फिरतोय उसातनं, पर त्याला दार काय आन् पत्रा काय, त्याच्यासाठी वरनं जाळीच लागती. दाराचा खरा वैरी मुंगूस आन् रानमांजर.

मी काय केलंय सांगतो. दाराच्या अंगावर लाकडाच्या दोन पट्ट्या, मधोमध एकेका खिळ्यावर फिरत्या ठेवल्यात. आतली टोकं दोरीला बांधल्याली. दोरी सैल पडली की बाहेरची टोकं आपसूक पसरत्यात आन् चौकटीवरच्या ठोकळ्याखाली जाऊन बसत्यात. खालनं कितीबी रेटा, दार उचलत न्हाई. दोरी ताणली की आधी पट्ट्या मिटत्यात, मग दार वर जातं. ह्याला करंट लागत न्हाई, चिप लागत न्हाई. सर्किट नंतर करा, आधी ह्या पट्ट्या करा.

रानमळा

वारणाकाठ दादा, हे फारच उपयोगी. पट्ट्या नक्की करणार.

झिरो पीसीबी दादा, एक अडचण विचारतो. दोरी रिळावर गुंडाळली जाते. खाली येताना दार गवतावर किंवा कोंबडीवर अडकलं, तर खालचा लिमिट स्विच दाबला जाणारच नाही. मोटर दोरी सोडत राहणार, रीळ संपलं की दोरी उलट्या बाजूने गुंडाळायला लागणार आणि दार पुन्हा वर! हा प्रकार इथे घडलेला आहे. सध्या प्रोग्रॅममध्ये वेळेची मर्यादा घालून तो थांबवलाय, पण तुम्ही म्हणता तसं थांबणं तारेनेच व्हायला हवं.

झिरो पीसीबी

मग खालचा स्विच दाराखाली ठेवूच नका, दोरीवर ठेवा. रीळ आणि कप्पीच्या मध्ये दोरीला टेकलेली एक लांब पत्ती आणि तिच्यावर मायक्रोस्विच. दोरी ताणलेली असेल तोवर पत्ती दाबलेली, स्विच चालू (म्हणजे हा एक स्विच नॉर्मली ओपन बाजूने). दार जमिनीला टेकलं, दोरी सैल पडली, पत्ती सुटली, मोटर बंद. दार मधेच अडकलं तरी हेच होणार, दोरी सैल पडली की मोटर बंद. सीरिज डायोड तसाच ठेवा म्हणजे वर जायला अडथळा नाही.

आता दार खरोखर खाली टेकलंय की मधेच अडकलंय, हे चिपला कळायला चौकटीच्या तळाशी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा) आणि दारात चुंबक. रीड स्विच काचेत बंद असतो, त्यात तूस जात नाही, अमोनिया जात नाही. मात्र त्यातून मोटरीचा करंट नेऊ नका. छोटे रीड स्विच अर्धा अँपिअरही धड सहन करत नाहीत, चिकटतात. रीडने फक्त बातमी द्यायची. दोरी सैल आहे आणि रीड लागलेला नाही, म्हणजे अडथळा. दार वर घ्या, मिनिटभर थांबा, पुन्हा सोडा. वेळेची मर्यादाही असू द्या. दार खाली यायला लागतो त्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त वेळ धरा.

मायक्रोस्विच आयपी६७ दर्जाचे, सील केलेले घ्या. जरा महाग पडतात, पण इथे पैसे वाचवू नका.

तांबडी कोंबडी (कोरेगाव)

सगळे दार कसं बंद व्हावं यावर बोलताय, मी ते कधी बंद व्हावं यावर बोलते. आमच्याकडे कोंबड्यांचं सगळं सासूबाई आणि मी बघतो.

कोंबड्या घड्याळ बघून आत येत नाहीत, उजेड बघून येतात. बहुतेक सगळ्या सूर्य मावळण्याच्या सुमारास आत. पण प्रत्येक कळपात दोन-तीन तलंगा अशा असतात की पार अंधुक होईपर्यंत बाहेर पायाने उकरत बसतात, आणि खालच्या पायरीतल्या कोंबडीला बाकीच्या दारातून हाणतात म्हणून ती मुद्दाम शेवटी येते. दार एकदाच बंद करून टाकलंत तर हीच कोंबडी रात्रभर बाहेर. म्हणून दोन टप्प्यांत बंद करा. सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने पहिल्यांदा. मग पंधरा मिनिटांनी पाच मिनिटं पुन्हा उघडायचं, राहिलेली असेल ती आत येते. तेव्हा आत एक मंद पिवळा दिवा लावून ठेवा आणि बाहेर अंधार असू द्या. आत दिसतंय म्हटल्यावर ती येतेच.

आणि पावसाळ्यात उजेडाच्या सेन्सरवर विसंबू नका. जुलैत चार वाजताच असं अंधारून येतं की सेन्सर दार लावून टाकतो आणि कोंबड्या पावसात बाहेर.

रानमळा

ताई, दोन टप्प्यांची युक्ती थेट प्रोग्रॅममध्ये घेतो. कमी दर्जाच्या कोंबडीचं तुम्ही सांगितलंत ते आमच्याही कळपात आहे, पण तिच्यासाठी दार पुन्हा उघडावं हे सुचलं नव्हतं.

वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ वापरणार. त्याचा क्रिस्टल तापमानाप्रमाणे स्वतःला सावरून घेतो, ० ते ४० अंशांत दोन पीपीएम (दहा लाखांत दोन), म्हणजे वर्षाला जेमतेम मिनिटभराची चूक. डीएस१३०७ हे दुसरं घड्याळ आमच्या उन्हाळ्यात फार सरकतं. सूर्योदय-सूर्यास्ताचं गणित चिपला करायला लावायची गरज नाही. आपल्या भागात जूनमध्ये सहाच्या सुमारास उगवतो आणि सातनंतर मावळतो. डिसेंबरअखेर सातच्या आसपास उगवतो आणि सहा वाजून गेले की मावळतो. एका तासाचा तर खेळ. पंचांगातून किंवा कॅलेंडरवरून बारा महिन्यांच्या बारा वेळा काढायच्या, तक्त्यात भरायच्या आणि दोन वेळांतला फरक मधल्या दिवसांना समान वाटून द्यायचा.

या घड्याळाचं निळं मोड्यूल घेणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यात सेल चार्ज करायची वाट दिलेली असते, ती एलआयआर२०३२ या रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी. आपण दुकानातून साधा सीआर२०३२ आणून घालतो. पाच व्होल्टवर चालवलं की तो चार्ज होत राहतो आणि फुगतो. डायोडच्या शेजारचा २०० ओहमचा बारीक रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने उचलून टाका, प्रश्न मिटला.

वायरमन कराड

पिल्लांच्या ब्रूडरचा (उबेच्या जागेचा) दिवा कोणी या डब्यात घेणार असेल तर हात जोडून सांगतो, घेऊ नका. २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट एका डब्यात नकोत. ब्रूडरला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. त्याला वेगळा थर्मोस्टॅट लावा. त्या थर्मोस्टॅटचा रिले एक ना एक दिवस चिकटणार हे धरूनच चाला, आणि दिवा तुसापासून लांब, साखळीने टांगा, सुतळीने नव्हे. खाली सगळं तूस असतं, एक ठिणगी पुरते. शेडच्या लाईनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारी) हवीच. एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी पायाने आपली आई-बहीण खाद्य घालत असते.

दुसरं, वळवाचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये विजा चमकतात तेव्हा लांब वायरींमध्ये दाब चढतो. खुराड्यापासून घरापर्यंत वायर नेली असेल तर चिपच्या प्रत्येक इनपुटला सीरिजमध्ये एक किलोओहम आणि सर्किटच्या ग्राउंडला १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर. बॅटरीच्या तारेवर टीव्हीएस डायोड (चढलेला दाब झेलणारा). फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात, डब्यात नव्हे. सात एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होते.

झिरो पीसीबी

बॅटरीवरून आठवलं, दादा, तुमचा हिशेब बघू. नॅनो काहीही न करता वीसेक मिलिअँपिअर घेतो. पॉवरचा एलईडी, यूएसबीची चिप, रेग्युलेटर, सगळं जागंच असतं. दिवसाला अर्धा अँपिअर-तास गेला. अमोनियाचा एमक्यू-१३५ सेन्सर असेल तर त्याच्या आत हीटर आहे, तो पाच व्होल्टवर दीडशे मिलिअँपिअर सतत ओढतो. सात एएचच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मंच वापरायचं म्हटलं तर साडेतीन हातात. पावसाळ्यात आठवडाभर ऊन नाही पडलं तर तो सेन्सर एकटा एक-दोन दिवसांत बॅटरी बसवतो. शिवाय तो अमोनियापुरता नाही, धुरालाही हलतो, दारूच्या वाफेलाही हलतो. तुमचं नाक त्याच्यापेक्षा चांगलं. सकाळी खुराड्यात वाकल्यावर डोळे चुरचुरले तर तूस बदला.

सुटी एटीमेगा३२८ चिप (नॅनोवर असते तीच) घ्या आणि झोपवून ठेवा. डीएस३२३१ मध्ये दोन अलार्म आहेत. अलार्म वाजला की त्याची इंटरप्ट पिन खाली जाते आणि चिप जागी होते. दार हलवते, पुन्हा झोपते. झोपेत मायक्रोअँपिअरमध्ये चालतं. पाच व्होल्टसाठी एलएम२५९६ चं बक मोड्यूल (व्होल्टेज उतरवणारं) नको, ते रिकामंच पाच-दहा मिलिअँपिअर घेतं. एचटी७५५० रेग्युलेटर घ्या, तीन पायांचा, २४ व्होल्टपर्यंत चालतो, स्वतः जवळपास काहीच खात नाही. रिलेच्या कॉइल थेट बारावर असल्यामुळे पाच व्होल्टवर भार उरतच नाही. सोलरचा स्वस्त चार्ज कंट्रोलर स्वतः दहा मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सगळ्या सर्किटपेक्षा तोच जास्त खाणार. १० वॅटचं पॅनल त्याला पुरून उरेल.

आणि प्रोग्रॅम लिहिताना दार शेवटी कुठे होतं हे लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. जागं झाल्यावर, रीसेट झाल्यावर, बॅटरी बदलल्यावर, दरवेळी तेच करायचं: घड्याळ बघा, या वेळी दार कुठे असायला हवं ते तक्त्यात बघा, रीड बघा, जुळत नसेल तर हलवा. आठवणीवर चालणारा प्रोग्रॅम नेमका वीज जाऊन आल्यावर फसतो.

वायरमन कराड

एक मूळ प्रश्न राहिलाच. बॅटरी पूर्ण बसली तर दार उघडं राहावं की बंद? मी म्हणतो उघडं. एप्रिलमध्ये तासगावला पारा चाळिशीला जातो. कोंबडीला घाम येत नाही, नुसती धापा टाकते. पत्र्याच्या खुराड्यात दुपारी दार बंद राहिलं तर सगळा कळप जाईल.

वारणाकाठ

आन् रातीला उघडं ऱ्हायलं तर? बंदच पायजे.

तांबडी कोंबडी

या प्रश्नाचं उत्तर सर्किटमध्ये शोधू नका, भिंतीत शोधा. खुराड्याची एक अख्खी बाजू बारीक जाळीची करा, वारा येईल त्या अंगाची, आणि पाण्याचं एक भांडं कायम आत ठेवा. मग दार दिवसा बंद राहिलं तरी कोंबड्या तगतात, आणि चुकायचंच असेल तर दार बंद राहून चुकू दे. कोंबडीच्या अंगातच ४१ अंश असतं, बाहेर चाळीस झालं की तिला वाराच वाचवतो. आमच्याकडे पत्र्यावर उसाचं पाचट टाकतो आणि दुपारी त्यावर पाणी मारतो, त्यानेही पुष्कळ फरक पडतो.

वायरमन कराड

ताई, मान्य. जाळी असेल तर माझा आक्षेप नाही.

रानमळा

पटलं. मग बॅटरीचं असं ठेवतो: संध्याकाळी दार लावण्याआधी व्होल्टेज बघायचं. बॅटरी शांत असताना १२.२ म्हणजे साधारण निम्मी. त्याच्या खाली गेली असेल तर दार लावायचं आणि घराकडे एक वेगळा दिवा लुकलुकवायचा. दार लागल्याच्या खुणेचंही सांगतो. मोबाइलचा सगळा भाग दाराच्या सर्किटमधून काढला. खुराड्याच्या घराकडच्या अंगाला एक हिरवा एलईडी, तो रीड स्विचमधूनच पेटणार, चिपमधून नाही. दार खरोखर खाली टेकलं असेल तरच हिरवं दिसणार. जेवून ओसरीवर आलं की एक नजर टाकायची. कॅमेरा आणि तापमान हवं असेल तर ते घरच्या लाईनवर, वेगळ्या डब्यात, दाराशी एका तारेचाही संबंध नाही.

डबा आता खुराड्याच्या बाहेर, उत्तरेच्या भिंतीला पागोळीच्या आत. वायरी सगळ्या खालून, केबल ग्लँडमधून, आणि आत शिरण्याआधी खाली एक झोळ दिलेला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. वायर टिन्ड कॉपरची. जंपर एकही नाही. झिरो पीसीबीवर (भोकं असलेल्या कोऱ्या बोर्डावर) सगळं डाग देऊन, स्क्रू टर्मिनल, आणि तपासून झाल्यावर बोर्डावर लॅकरचे दोन हात. स्क्रूंवर व्हॅसलीन.

तांबडी कोंबडी

एक राहिलं, भाऊ. तुम्ही गावाला गेलात आणि आईंना भर दुपारी कोंबड्या आत घ्यायच्या असतील तर? आमच्याकडे घार घिरट्या घालायला लागली की सासूबाई आधी कोंबड्या आत हाकतात. त्यांना मोबाइल नको असतो, हाताला लागेल असं बटण हवं असतं.

रानमळा

ताई, हे यादीत नव्हतं, आता घेतलं. डब्याच्या बाहेर तीन जागांचा टॉगल स्विच: वर, मध्ये, खाली. मध्ये असेल तेव्हा घड्याळाप्रमाणे. वर किंवा खाली केला की बारा व्होल्ट थेट रिलेच्या कॉइलला जाणार आणि त्याच वेळी चिपच्या ट्रान्झिस्टरांची बाजू तुटणार, म्हणजे चिप मेलेली असली तरी दार चालेल. लिमिट स्विच मोटरीच्याच तारेत आहेत, त्यामुळे आईने टॉगल तसाच ठेवून दिला तरी मोटर आपल्या आपण थांबेल. ओल्या हाताने दाबला जाईल म्हणून त्यावर रबरी टोपी. 'वर' आणि 'खाली' हे तेलरंगाने, ठळक बाण काढून लिहितो, चष्मा नसतानाही दिसेल असं.